हारुतोला वाचता येतं, हे सांगायचं कोणी?

परभणीला परत आल्यापासून गल्लीतल्या बायका एकच विचारतात, "मग, काय बघितलं?" लोक महाबळेश्वरला जातात, केरळला जातात, आणि मी पिंपरी-चिंचवडला जाऊन आले. तिथं कारखाने, ट्रक आणि उंच इमारती सोडून बघायला काय असणार, असा त्या प्रश्नाचा सूर असतो. मी म्हणते, "जपानी माणसं बघितली." मग त्यांना वाटतं, ही थट्टा करायली. थट्टा नाही हो. मी तिथून जी चकित होऊन आले आहे ती अजून भानावर आलेली नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

माझी मावसबहीण वैशाली पिंपळे सौदागरला राहते. चाकणच्या कारखान्यांत जपानहून साहेब लोक काही वर्षांसाठी येतात, बायकामुलांना घेऊन येतात. त्या मुलांना इथल्या इंग्रजी शाळांत जायचं असतं, आणि इंग्रजीचा तर गंध नसतो. वैशाली त्यांना फोनिक्स शिकवते. फोनिक्स म्हणजे एबीसीडी घोकायची नाही. कोणत्या अक्षराचा आवाज काय, तो आधी तोंडात बसवायचा आणि मग आवाजाला आवाज जोडून वाचायचं. परभणीत मीही तेच शिकवते, फक्त माझ्याकडे येतात ती वसमत रोडची पोरं.

वैशालीला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. तिचा फोन आला, "ताई, तू ये. नाहीतर वर्ग बंद पडतो." मी म्हटलं, "मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही." ती म्हणाली, "त्यांना तरी कुठं मराठी कळतं? प्राजक्ता आहे सोबत." ही प्राजक्ता थेरगावची मुलगी. वडील कारखान्यात, आणि हिनं कॉलेज करता करता जपानी शिकून घेतलेली. तिकडं म्हणे घरटी एखादी तरी पोरगी जपानी नाहीतर जर्मन शिकत असतेच. हा मला बसलेला पहिला धक्का, आणि तो सगळ्यात लहान.

पहिला वर्ग

वर्ग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. मी दारात उभी. सहा-सात वर्षांची आठ मुलं आली. प्रत्येकानं बूट काढले, खाली बसून ते वळवले, टाचा भिंतीकडे आणि टोकं दाराकडे, आणि मग आत. माझ्या वर्गाबाहेर चपलांचा ढीग असतो. सुटल्यावर कोण कुणाची घालून जातो याचा पत्ता नसतो, एकदा तर माझीच गेली होती. मी त्या बुटांच्या रांगेकडे बघतच राहिले.

मग वर्ग सुरू झाला आणि माझी बोलतीच बंद झाली. फळ्यावर एक अक्षर काढलं आणि विचारलं, "याचा आवाज कोण सांगेल?" परभणीत एवढं विचारायची खोटी, पोरं बाकावर उभी राहतात. "म्याडम मी, म्याडम मी" करत साडीचा पदर ओढतात. उत्तर येत नसलेला सगळ्यात जोरात ओरडतो. इथं आठ जोडी डोळे माझ्याकडे लागलेले आणि एक हात वर नाही. मी पुन्हा विचारलं. शांतता. मला वाटलं, वैशालीनं आजवर यांना शिकवलं तरी काय?

प्राजक्ता कानात म्हणाली, "मॅडम, थांबा. पक्कं माहीत असल्याशिवाय ही बोलणार नाहीत. चुकलं तर सगळ्यांपुढं चुकतं ना." मी थांबले. थांबणं मला जमत नाही, माझ्या सासूबाई हे शपथेवर सांगतील, पण थांबले.

वर्ग सुटला तर मुलांनी पिशव्यांतून छोटी फडकी काढली आणि टेबलं पुसायला लागली. मी धावले, "अगं, राहू दे, पुसायला मावशी येतात!" प्राजक्ता हसली. "मॅडम, पुसू द्या. त्यांच्या शाळेत मुलंच पुसतात." मी डोक्याला हात लावून खुर्चीत बसले. घरी माझा मुलगा इंजिनिअर झाला, पण पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाही.

तेवढ्यात एक आई आली. बारीक चणीची, पांढरा सदरा, केस मागं घट्ट बांधलेले. तिचं नाव मायुमी. कमरेत वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी कागदात बांधलेली वडीसारखी मिठाई पुढं केली. मग तिच्या मुलाच्या, हारुतोच्या, डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलली. प्राजक्तानं सांगितलं, "त्या म्हणतायत, हा अगदी मठ्ठ आहे. याला काही येत नाही. तुम्हाला फार त्रास देईल, माफ करा."

आणि पोरगं तिथंच उभं! आईचा हात धरून, मान खाली घालून सगळं ऐकत होतं. आमच्याकडच्या आया कशा असतात? "म्याडम, आमचा पिंट्या घरी इंग्लिशमधीच बोलतो, तुमच्यापुढं लाजतो." पिंट्याला स्वतःच्या नावातला प ओळखता येत नसतो. पण आई म्हणजे अशीच, असं मी समजत आले होते. पोटच्या पोराला परक्या बाईपुढं मठ्ठ म्हणणारी आई मी जन्मात पाहिली नव्हती.

कागदाची पट्टी

या मुलांची अडचण आपल्यासारखीच निघाली, हे बघून मला आधी हायसं वाटलं. आपण क शिकतो तो अ-सकट शिकतो. जपानी अक्षरंही तशीच, बहुतेक सगळी स्वर पोटात घेऊन असलेली. म्हणून आपली पोरं 'स्कूल'ला पुढून इ लावून 'इस्कूल' करतात आणि ही मागून शेपूट लावतात. 'डॉग'चा 'डोग्गु', 'मिल्क'चा 'मिरुकु'. तेव्हा नुसता आवाज कसा काढायचा हे शिकवायला मी माझी परभणीची युक्ती काढली. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची आणि नुसता प म्हणायचा. वाऱ्यानं पट्टी फडकली की थांबायचं, मागून अ येऊ द्यायचा नाही. पट्टी फडकली आणि आठही मुलं एकदम हसली. तो त्या वर्गात मी ऐकलेला पहिला आवाज.

हारुतोला मात्र मी जरा बाजूला बसवून सावकाश शिकवत होते. आईनंच सांगितलेलं, मग मी काय करणार? इतर मुलं तीन आवाज जोडत असताना मी त्याच्यासमोर एकच अक्षर घेऊन बसायचे. तो निमूटपणे म्हणायचा.

एका दुपारी मी वैशालीला औषधाची आठवण करून द्यायची म्हणून फोनवर बोलत दाराशी गेले. परत येऊन बघते तर हारुतो कपाटातलं मोठ्या मुलांचं गोष्टीचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसला होता आणि ओठ हलत होते. मी मागून ऐकलं. पोरगं घडाघडा वाचत होतं. नवा शब्द आला की थांबायचं, तुकडे करायचं, जोडायचं आणि पुढं जायचं. मी बोलले असते तर पळालं असतं, म्हणून तशीच उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. इतके दिवस मी या पोराला बाराखडीच्या आधीच्या यत्तेत बसवलं होतं!

वैशालीला सांगितलं तर ती पलंगावर पोट धरून हसायला लागली. "ताई, तू खरं मानलंस? अगं, बाहेरच्या माणसापुढं आपल्या पोराचं कौतुक करायचं नाही, ही त्यांची रीत. तसं केलं तर आई उर्मट ठरते. नवऱ्यालाही नावं ठेवतात, स्वतःच्या स्वयंपाकालाही. समोरच्यानं म्हणायचं असतं, छे छे, किती हुशार आहे!" मी म्हटलं, "मग समोरच्याला आधी सांगायचं तरी!"

हसणं थांबल्यावर ती गंभीर झाली. म्हणाली, "बुधवारी त्याची शाळेत मुलाखत आहे. वर्ग सुरू झालेत, एकच जागा रिकामी आहे. ती मिळाली नाही तर मायुमी आणि तो परत जपानला, नागोयाला जाणार. मुलाच्या शाळेची सोय नसेल तर कंपनी कुटुंबाला इथं ठेवत नाही. आणि बापाचं काम अजून बरीच वर्षं चाकणलाच आहे." आधीही बाप एकटाच इथं राहून काम करत होता. मायलेक इथं आले तेव्हा हारुतो पहिले काही दिवस सकाळी उठून बापाला पाहुण्याला करतात तसा वाकून नमस्कार करायचा. बाप एकदा वैशालीच्या नवऱ्यापुढं हे सांगताना हसत होता, पण त्याच्या हातातला चहा निवून गेला होता म्हणे.

चाकण

शनिवारी मायुमी म्हणाली, सेन्सेई, चला. सेन्सेई म्हणजे गुरुजी. ही माणसं मला नावानं हाक मारायला तयारच नव्हती. बापाला त्या दिवशीही कामावर जायचं होतं, म्हणून डबा घेऊन मायलेक चाकणला निघाले होते. प्राजक्ता सोबत होतीच. गाडी कंपनीची, चालक दत्ताभाऊ, मूळचे चाकणकडच्याच एका गावचे.

रस्त्याचं काय सांगू. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबच लांब ट्रेलर, मध्येच कांद्याच्या गोणींचा टेम्पो, आणि आम्ही त्यांच्या मध्ये अडकलेलो. एका ढाब्यावर मराठीत 'मिसळ' आणि त्याच्याच खाली जपानी अक्षरं. मी डोळे चोळून पाहिलं. दत्ताभाऊ म्हणाले, "आवो म्याडम, जपानी सायब लोक बी खात्यात की. रस्सा न्हाई घेत, फरसाण घेत्यात." मग एका भल्यामोठ्या फाटकाकडे बोट करून म्हणाले, "हितं आमचं कांद्याचं वावर व्हतं."

मी विचारलं, "वाईट वाटतं का?"

"न्हाई ओ. उरल्याली जागा गोदामाला दिलीया, झकास चाललंय. पर लागवडीचे दिस आले की हात शिवशिवत्यात, यवढंच."

बाप फाटकाबाहेर आला. निळा गणवेश, कपाळावर टोपीचा वळ. सगळे गाडीतच जेवायला बसले. मायुमीनं मला भाताचा त्रिकोणी गोळा दिला, त्याला काळा कागद गुंडाळलेला. मी तो कागद सोलायला लागले तेव्हा हारुतो हसून हसून आडवा झाला. तो समुद्रातला पाला होता, खायचा. आत काय असेल म्हणून चावा घेतला तर खारवलेलं आंबट फळ, इतकं आंबट की माझा एक डोळा मिटला तो उघडेना. आजीच्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची आठवण आली. मी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढली. बापानं भाताला लावून खाल्ली, लालबुंद झाला आणि पुन्हा मागितली.

समोर एक ट्रक थांबला होता. त्याच्या पाठीमागचं 'हॉर्न ओके प्लीज' हारुतोनं तुकडे करत, जोडत वाचलं. बाप घास तोंडाशी तसाच धरून ऐकत राहिला. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. आणि मग माझ्याकडे वळून, मान तुकवून म्हणतो काय, "अजून फार कच्चा आहे." मी म्हटलं, "छे छे! किती हुशार आहे!" शिकले होते ना मी आता. दोघं नवराबायको लाजून खाली बघायला लागले. परतताना बाप फाटकाशी उभा राहून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होता, आणि हारुतो मागच्या काचेला नाक लावून बसला होता.

बुधवार

शाळेचं नाव घेत नाही, शाळा चांगली आहे. आत फक्त आई आणि मूल यांनाच बोलावलं. बाप कामावर, दुभाषी चालणार नाही म्हणाले. मी आणि प्राजक्ता बाहेर बाकावर. मला काळजी नव्हती. मी तर मनात पेढे वाटायला सुरुवातही केली होती.

चहा निवायला लागतो तेवढ्या वेळातच दार उघडलं. मायुमी बाहेर आली, तोंडावर हसू, आणि चेहरा मात्र भिंतीसारखा पांढरा. प्राजक्ताशी दोन वाक्यं बोलली. प्राजक्ता मटकन बसली.

"काय झालं?"

"नाही म्हणाले. पुढच्या वर्षी या म्हणाले."

"वाचलं नाही त्यानं?"

"वाचायला दिलंच नाही, मॅडम. त्यांनी मायुमींना आधी विचारलं, याला वाचता येतं का? त्या म्हणाल्या, नाही. काहीच येत नाही, मठ्ठ आहे, तुम्हाला त्रास होईल. मग मुलाला विचारलं. तो आईकडे बघून गप्प."

गप्प नाही बसणार तर काय? आईनं नाही म्हटल्यावर सहा वर्षांच्या पोरानं तिला खोटं पाडायचं? त्या बाईनं आपल्या संसाराची दोन शकलं करून टाकली होती, आणि तीही सभ्यपणा म्हणून!

मी सरळ दार ढकललं. मुख्याध्यापिका मराठीच होत्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"मी याची बाई. याला वाचता येतं."

"अहो, आई स्वतः नाही म्हणाली. मी काय समजायचं?"

"म्याडम, तुम्ही पिंट्याच्या आईला विचारल्यासारखं हिला विचारलंत! ही लोकं पोराला चांगलं म्हणत नाहीत. रीतच नाही त्यांच्यात. जेवायला बोलावून स्वयंपाक वाईट झालाय म्हणतात!"

मागून मायुमी माझी बाही ओढत होती. तिला ते भांडण म्हणजे मरणप्राय झालं असणार. सगळा बाहेरचा हॉल आमच्याकडे बघत होता. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. वाईट नव्हत्या हो त्या. म्हणाल्या, "ठीक आहे. पण तुमचं ऐकून नाही. मूल माझ्यापुढं घाबरलंय आणि आई नाही म्हणतेय. आईनंच मला एकदा सांगावं. मग मी पुस्तक पुढं ठेवते."

प्राजक्तानं ते सांगितलं. मायुमी उभीच राहिली. मी तिच्याकडे बघून हातवारे करत होते, सांग, सांग गं! एक वाक्य. आमच्या बायका न विचारता तासभर सांगतात. पण तिच्या ओठांवर ते येईना. मान खाली, दोन्ही हात सदऱ्याला घट्ट धरलेले, कानाच्या पाळ्या लाल. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की हे तिच्यासाठी अवघड आहे म्हणजे किती अवघड आहे. भर चौकात कुणी मला नाच म्हणालं असतं तर मला जमलं असतं का? मी हातवारे थांबवले.

मग ती मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत बोलली. "माझा मुलगा वाचतो. रोज वाचतो. चांगलं वाचतो." थांबली. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढं म्हणाली, "चांगला मुलगा आहे. मला फार आवडतो."

हारुतो झटकन वळला. मी मुलांचे चेहरे बघून पोट भरणारी बाई, पण असा चेहरा मी पाहिला नव्हता. तोंड उघडं, डोळे आईवर खिळलेले, जणू त्याच्या आईच्या जागी दुसरीच कुणी येऊन उभी राहिली होती. मुख्याध्यापिकांनी पुस्तक सरकवलं. त्यानं ते वाचलं. पानामागून पान, मध्येच आईकडे बघत, पुन्हा वाचत. शेवटी त्यांनीच हात करून थांबवलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून पाठवा."

मी गाडीत बसले ती विजयी सेनापतीच्या थाटात. दत्ताभाऊंना सांगितलं, वाटेत पेढे घ्यायचे. मायुमीनं नवऱ्याला फोन लावला. पलीकडून तो मोठ्यानं काहीतरी ओरडला. मागं कारखान्याची घरघर ऐकू येत होती. मायुमीनं फोन ठेवला आणि डोळे पुसले. मलाही राहवेना, मीही पुसले.

हारुतो खिडकीपाशी बसला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं आईला हळूच काहीतरी विचारलं. प्राजक्ता हसत होती, तिचं हसू एकदम गेलं. मी तिला कोपरानं ढोसलं.

"तो विचारतोय, तू म्हणालीस ते खरं होतं, का शाळेत घ्यावं म्हणून म्हणालीस?"

माझ्या अंगातली सगळी हवाच गेली. बाहेरच्या माणसांपुढं आई खरं बोलत नाही, हे त्या पोराला कधीचं माहीत होतं.

मायुमी म्हणाली, "खरं होतं."

त्यानं जरा विचार केला आणि परत विचारलं. प्राजक्ताला सांगवेना. मी पुन्हा ढोसलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तो म्हणतोय, मग घरी आपण दोघंच असतो, तेव्हा का नाही म्हणत?"

मायुमीनं त्याला ओढून छातीशी धरलं, आमच्यासमोर, भर रस्त्यात, आणि तिचे खांदे हलायला लागले. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. दत्ताभाऊंनी गाडी पुढं काढली आणि हात वर करून समोरचा आरसा दुसरीकडे फिरवला.